चौसाळ्याला थांबू

आमच्या एक दिवसाच्या सहली आता चौसाळ्याला थांबत नाहीत. हमरस्त्यावर एक नवा पेट्रोल पंप झालाय, तिथं थांबतात. तिथल्या फरशा चकचकीत आहेत, आरसा आहे, साबणाची बाटली भिंतीला अडकवलेली आहे. आमचे हे त्या पंपाचं कौतुक असं करतात की जणू यांनीच तो बांधलाय. गाडीतल्या बाया खूश, लेकरं खूश. एकटी मी तिथं उतरत नाही. काच वर करून बसते. ह्यांना वाटतं, हिला ऊन लागतं. वाटू दे.

आम्ही संभाजीनगरात राहतो. कॉलनीत चार घरं अशी आहेत की ज्यांचं एकमेकांशिवाय पान हलत नाही, निदान आमच्या ह्यांचं तरी हलत नाही. ह्यांनी सात सीटांची गाडी घेतली आणि चांगला भला माणूस बिघडला. आधी रविवारी पेपर वाचायचे, दाढी करायचे, झोपायचे. गाडी आली तशी सहली आखायला लागले. सकाळी निघायचं, रात्री घरी, मुक्काम नाही, हॉटेलची खोली नाही, लहान-मोठे सगळे सोबत. शुक्रवारपासून फोन सुरू. लेकरांना कंटाळा येईल का, म्हाताऱ्यांना पायऱ्या किती, सावली आहे का, जेवण साधं मिळेल का. आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून, "बायकांची सोय?"

ही सोय म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. आणि त्यात बायांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गडी माणसाचं काय, गाडी कडेला घेतली, झाडाकडं तोंड केलं, झालं. बाईनं काय करावं? सकाळपासून पाणी प्यायचं नाही, चहाला नको म्हणायचं, आणि तरी वेळ आलीच तर एखाद्या हॉटेलाच्या मागं जायचं, जिथं दाराला कडी नाही, बादलीला बूड नाही, आणि एकीनं आत जायचं तर दुसरीनं बाहेरून दार धरून खोकत उभं राहायचं. मीही हे भोगलंय. त्यामुळं त्या बायांनी सोय विचारली म्हणून माझा राग नाही. राग कुणाचा आहे ते पुढं येईलच.

आता वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ बघून बघून सगळे विटले होते. मग ह्यांनी गाडीचं तोंड बीडकडं वळवलं. लोकांना सांगताना म्हणायचे, "तिकडं कुणी जात नाही, मोकळं मिळतं." पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात डोंगरावरून पाणी उतरतं ते बघायला. दसऱ्याच्या पुढं-मागं माजलगावचं भरलेलं धरण. थंडीत नारायणगड. चैत्रात येरमाळ्याची देवी. ऐकायला छान वाटतं. पण ह्या सगळ्या ठिकाणांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे कुठंही निघा, रस्ता चौसाळ्यावरून जायचा. जात नसला तर वळवून न्यायचा. माजलगाव एका अंगाला, चौसाळा दुसऱ्या अंगाला, तरी आम्ही धरण बघून चौसाळ्याला जाऊन आलेले आहोत. कुणी विचारलं तर हे म्हणायचे, "चौसाळ्याला थांबू की." असं म्हणायचे की जसं काही चौसाळ्याला ताजमहाल आहे.

चौसाळ्याला माझं माहेर आहे.

घर हमरस्त्यापासून हाकेवर. माय, दादा, वहिनी. दादा शेती बघतो आणि रस्त्याला लागून त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मायचे गुडघे गेलेले. तिला खाली बसता येईना, बसली तर उठता येईना, सकाळची वेळ आली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून दादानं तिच्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात नवा संडास बांधला. खुर्चीचा. आकाशी फरशी, फरशीवर गुलाबाची फुलं, हाताला धरायला नळी. गावातले लोक बघायला आले होते. पहिले काही दिवस माय त्यात जाईचना. म्हणायची, "एवढ्या चांगल्या जागी बसायचं म्हंजी जीवावर येतंय गं." मग सवय झाली. मला फोनवर म्हणाली होती, "पोरानं माज्यासाठी लई केलं." तेवढ्या एका गोष्टीनं माय पुन्हा माणसात आली होती.

आणि आमच्या ह्यांच्या नजरेत तो संडास भरला.

पहिल्या वेळी तसं कारण होतं. येरमाळ्याहून परत येताना एका बाईला अगदीच राहवेना. ह्यांनी गाडी चालवता चालवता थेट मायला फोन लावला आणि म्हणाले, "आई, आम्ही जरा फ्रेश व्हायला येतोय. बारा-चौदा जण आहोत." फोन ठेवला. मिनिटभरात मायचा माझ्या फोनवर फोन. हळू आवाजात म्हणते, "आगं, फ्रेश व्हायला म्हंजी काय करायला? काय लागतंय त्याला?" गाडीत सात माणसं कान टवकारून बसलेली. मी म्हणाले, "काही नाही माय, जरा टेकायला. दमलेत सगळे."

मायनं टेकायला म्हटल्यावर जे करायचं असतं ते सगळं केलं. ओसरीवर वाकळा अंथरल्या, त्यावर धुतलेल्या चादरी. शेजारणीला बोलावून धपाटे लावायला बसवलं. ताक घुसळलं. वहिनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन दारात. कारण माय स्वतः कुंकू लावत नाही, वडील गेल्यापासून हात लावत नाही, आणि सवाष्ण बाईला उंबऱ्यातून कुंकवाशिवाय माघारी जाऊ देणं तिला पटत नाही. त्यामुळं वहिनीनं हातातलं काम टाकून ताट धरायचं, एकेका बाईला कुंकू लावायचं, आणि माय शेजारी खुर्चीवर बसून विचारणार, "तुमी कुठल्या म्हणायच्या? माहेर कुठलं?"

आणि आमच्या कॉलनीतल्या बाया गुडघ्याला गुडघा लावून उभ्या. कुंकू लावून घेतात, हसतात, आणि नजर अंगणाच्या कोपऱ्याकडं. एकजण म्हणाली, "आजी, आधी जाऊन येते हं." माय म्हणाली, "व्हय व्हय, जा बाई. मग निवांत बोलू." ते निवांत काही आलं नाही. सगळ्या जाऊन आल्या, धपाटे खाल्ले, ताक प्यायल्या, ह्यांनी हॉर्न वाजवला, गेलो.

परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या ह्यांचा जयजयकार. "भाऊजी, काय जागा काढलीत, अगदी घरच्यासारखं." हे आरशात बघून मिशीत हसत होते. तिथंच त्यांनी ठरवलं असणार. पुढच्या सहलीला बायांनी सोय विचारायच्या आतच म्हणाले, "त्याची काळजी सोडा, चौसाळ्याला थांबू."

मग थांबतच राहिले. कधी दोन गाड्या, कधी तीन.

मला काय वाटायचं ते सांगते. मला माहेरी जायला आवडतं, कुठल्या बाईला आवडत नाही? पण माहेरी जाणं म्हणजे मायच्या शेजारी बसणं, तिनं माझ्या डोक्यात तेल घालणं, वहिनीनं दोन टोमणे मारणं, दादानं दुकानातून येताना काहीतरी पुड्यात बांधून आणणं. इथं मी काय करत होते, तर संडासाच्या बाहेर उभी राहून एकेकीला सांगत होते, "कडी जरा वरून ढकला म्हणजे बसते. बादली भरलीय. आता तुम्ही जा, त्यांच्यानंतर तुम्ही." माझ्या मायच्या अंगणात मी रांग लावत होते. मायशी बोलायला वळले की कुणीतरी लेकराला घेऊन यायचं, "ह्याला पण नेता का?" मस्तकात तिडीक जायची. पण भीड ही भिकेची बहीण. चारचौघांत बोलता येत नव्हतं.

आणि मायचं वेगळंच चाललं होतं. तिला वाटायचं, ही माझ्या लेकीची माणसं. हिच्यावर एवढा जीव आहे यांचा, की हिच्या मायला भेटल्याशिवाय पुढं जात नाहीत. आता तुम्ही म्हणाल, एवढी कशी भोळी. भोळी नव्हे. तिच्या मुलखात असं काही असतं हेच तिला ठाऊक नाही. माणूस वाटेनं जाताना पाणी मागायला दारात येतो, सावलीला येतो, भाकरी मागायला येतो. पण कुणी गाड्या भरून, बायका-लेकरं घेऊन, तासभर वाट वाकडी करून नुसतं त्यासाठी कुणाच्या घरात शिरेल, हे तिच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. घरात पाऊल टाकलं तो पाव्हणा, एवढं तिला माहीत.

गावात ती सांगत फिरायची. गुडघे दुखत असताना देवळापर्यंत जाऊन सांगायची. दुसऱ्यांच्या लेकी पंचमीला आल्या तर आल्या, माझी दर महिन्याला येते, आणि एकटी नाही, शहरातली तालेवार माणसं घेऊन येते. रविवारी सकाळपासून ती चांगलं लुगडं नेसून दारात खुर्ची टाकून बसायची. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा मला फोन कानाला धरवेना.

वहिनी. तिच्याबद्दल सांगायला हवं. आमचं दोघींचं कधी पटलेलं नाही. तिची जीभ म्हणजे विळी. पण ती दुसऱ्याच वेळी ओळखून चुकली होती. मी अंगणात उभी होते, ती बादली घेऊन आली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, तुमच्या शहरात संडास बांधायची रीत न्हाई का?" ती पुढं म्हणाली, "मला पाणी वढायला लागतंय, मला घासायला लागतंय, ते मी करीन. पर आत्याबाईला अजून कळलेलं न्हाई. कळलं तर त्यांला गावात त्वांड दाखवायला जागा राहायची न्हाई. तेवढं बगा."

तेवढं मी बघायचं, असं आम्हा दोघींत ठरलं. न बोलता ठरलं. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या आम्ही दोघी एका गोष्टीपुरत्या एका बाजूला होतो: मायला कळू द्यायचं नाही. ती कशी या लोकांची माहेरं विचारते, कशी त्यांच्या लेकरांच्या गालाला हात लावते, ते तसंच राहू द्यायचं.

पण ते राहू देणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. थंडीत नारायणगडाच्या खेपेला कुणीतरी लेकराचं पुसायचं ओलं कापड, एक नाही, गठ्ठाच, संडासाच्या भांड्यात टाकलं आणि वर पाणी ओतून निघून आलं. आम्ही संभाजीनगरला पोचून जेवून झोपलो. तिकडं संडास तुंबला. दादानं बांबू घालून बघितला, मग बीडहून माणूस आणला, तो लगेच आला नाही. तोवर माय शेजारच्यांच्या जुन्या संडासात जायची, वहिनी एका बगलेला धरून, शेजारीण दुसऱ्या बगलेला धरून. एकदा तिथं ती उठताना पडली. गुडघा सुजून भोपळा झाला. मायनं मला फोनवर काय सांगितलं? "पाय घसरला गं, म्हातारपण दुसरं काय."

मी ह्यांना सगळं सांगितलं. अगदी कापडासकट. हे टीव्ही बघत होते. म्हणाले, "लहान मूल आहे, होतं असं. ग्रुपमध्ये सांगून ठेवतो, काळजी घ्या म्हणून." मी म्हणाले, काळजी घ्या नाही, थांबूच नका. तर म्हणाले, "अगं, किती मानतात सगळे आपल्याला त्या एका गोष्टीमुळे." आपल्याला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. माझ्या मायचा गुडघा, माझ्या दादाचा बांबू, माझ्या वहिनीचे हात, आणि मान कुणाला, तर ह्यांना.

दोन महिने मी काही ना काही काढून चौसाळा टाळला. एकदा डोकं दुखतं म्हणाले, एकदा पाहुणे येणार म्हणाले. मग चैत्र आला आणि येरमाळ्याची सहल निघाली. तीन गाड्या. वहिनीचा गुरुवारीच फोन आला. "वन्सं, टँकर आलेला न्हाई. बोअर गेलंय. पिंपात आहे तेवढ्यावर चाललंय आमचं. या आयतवारी आणू नका."

मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाले, तिकडं पाणी नाही, ह्या वेळी दुसरं बघा. हे म्हणाले, "सगळ्यांना सांगून झालंय. आपण पाण्याचे जार नेऊ, त्यांचं पाणी वापरायचंच नाही."

"जाराचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे? आई स्वतः फोनवर म्हणाल्या, या म्हणून."

"ती पाव्हण्यांना या म्हणते."

"मग आपण कोण?"

त्यांना खरंच प्रश्न पडला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ते चेष्टा करत नव्हते. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते पुसत बसले मी. ते पुसेपर्यंत हे बाहेर जाऊन फोनवर कुणाला तरी सांगत होते, की टोप्या घ्या, ऊन आहे.

जार दोन घेतले होते, ते खरं. एकाचं गेवराईच्या पुढं लिंबू सरबत झालं. दुसऱ्यानं बीडमध्ये गड्यांनी तोंडं धुतली आणि कुणीतरी गाडीची काच धुतली. मी बघत होते. सकाळपासून मी पाणी टाळलं होतं, पण उन्हानं जीव बेजार झाला आणि ते मेलं सरबत दोन पेले प्याले. मांजरसुंब्याचा घाट चढताना त्याचं काय होणार ते मला कळलं.

चौसाळ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माय दारात उभी होती, खुर्चीच्या पाठीला धरून. अजून तो गुडघा धड नव्हता. मोरपंखी लुगडं नेसलेली. वहिनी शेजारी ताट घेऊन. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी दुसरीकडं बघितलं.

पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि कॉलनीतल्या शेजारच्यांची मुलगी उडी मारून उतरली. पहिलीत जाणारी, चुणचुणीत. मायला बघून तिला आनंदच झाला. मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "आई, उतर लवकर, टॉयलेटवाल्या आजींचं घर आलं."

मायला टॉयलेट शब्द कळतो. दादानं तो बांधला तेव्हा दुकानदाराच्या तोंडून तिनं शंभरदा ऐकला होता.

मुलीची आई कसनुसं हसली आणि "अगं, काय बोलतेस" म्हणाली. बाकीच्या बाया पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मायनं मुलीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोण म्हणतं गं बाळा तसं?"

"सगळेच म्हणतात," मुलगी म्हणाली. आणि तिनं बोट आमच्या ह्यांच्याकडं केलं. "काका म्हणतात, चला, टॉयलेटवाल्या आजींकडे थांबू."

हे गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "अहो आई, पोरं काहीही बोलतात. कुठून शिकतात देव जाणे."

इतके दिवस मी ज्या भिडेला धरून होते, ती तिथं सुटली. मी म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाही, खोटं तुम्ही बोलताय. तुम्हीच म्हणता. माझ्यासमोर नाही म्हणत, पण म्हणता, मला माहीत आहे. माझ्या मायच्या दारात उभं राहून तरी लाज धरा." ह्यांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता सगळ्या गाड्या वळतील, लोक मान खाली घालून बसतील, आणि मी मायपाशी राहीन.

माय म्हणाली, "दारात भांडू नका."

तिचा आवाज नेहमीचा होता. ती माझ्याकडं बघत होती, ह्यांच्याकडं नाही. एवढे महिने तिनं विचारलेली माहेरं, अंथरलेल्या वाकळा, ती फोनवरची पहिली विचारणा, फ्रेश व्हायला म्हंजी काय करायला, आणि मी दिलेलं उत्तर, हे सगळं तिच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत होतं. मला दिसत होतं ते. मी तिला काही सांगायला पुढं झाले तर तिनं मान वळवली.

वहिनीला म्हणाली, "ताट आत ठेव."

वहिनी हलेना. मायनं पुन्हा सांगितलं, तेव्हा ती ताट घेऊन आत गेली.

मग माय बायांना म्हणाली, "जावा बाया, जाऊन या. पाणी पिंपात हाय, उलीसं जपून वापरा." आणि खुर्चीवर बसली.

आता माणसाला वाटेल, ह्यानंतर कुणाची पावलं उचलतील का. उचलली. एकीनं सुरुवात केली, मग रांगच लागली. गरज ती गरज, मी समजू शकते. पण मी बघत होते की कुणाच्या लक्षात येतंय का. दरवेळी दारात कपाळ पुढं करणाऱ्या ह्या बाया, आज कुणी कुंकू लावलं नाही, कुणी माहेर विचारलं नाही, वाकळ नाही, ताक नाही, चहाचं आधण नाही. एकीच्याही लक्षात आलं नाही. उलट लवकर आटपलं म्हणून बरं वाटलं असावं. रुमालाला हात पुसत यायच्या, "थँक्यू आजी" म्हणायच्या आणि गाडीकडं जायच्या.

एकजण मात्र थांबली. स्वभावानं चांगली आहे ती, मुद्दाम सांगते. तिनं पिशवीतून एक पुडकं काढलं, रंगीत कागदात बांधलेलं, आणि मायच्या हातात दिलं. "आजी, तुम्ही आमच्यासाठी इतकं करता, म्हणून सगळ्यांनी मिळून आणलंय." मायनं ते दोन्ही हातांनी घेतलं, देवाचा नारळ घेतात तसं. कागद फाटलेला होता, त्यातून दिसत होतं. संडास धुवायच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि आत टांगायची वासाची वडी.

माय म्हणाली, "बरं झालं बाई. लागतंच."

बाई समाधानानं गेली. मायनं ते पुडकं खुर्चीखाली ठेवलं.

ह्यांनी हॉर्न वाजवला. पहिल्यांदा थोडा, मग जोरात. मी अंगणातच उभी होते. ठरवलं होतं, जायचं नाही. मी मायजवळ गेले आणि म्हणाले, "माय, मी राहते. जाऊ दे त्यांना." वहिनी दाराच्या आत उभी होती, तिच्या हातात ताट तसंच. मला वाटलं, माय तिला बोलावेल, म्हणेल, हिला लाव, ही आपली हाय. मी कपाळ जरा पुढंही केलं असेल, मला आठवत नाही.

मायनं माझ्याकडं वर बघितलं. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मी भांडले असते, रडले असते, तिच्या पायाशी बसले असते. तिनं माझ्याकडं तसंच बघितलं जसं थोड्या वेळापूर्वी ती त्या बायांकडं बघत होती. नीट, अदबीनं.

म्हणाली, "गाडी थांबलीया तुमची. तुला जायचं आसंल तर तू बी जाऊन घे. पुढं कुटं मिळंल, न मिळंल."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण मला जायचंच होतं. घाटापासून दाबून धरलं होतं, उभं राहवत नव्हतं, आणि ते तिला दिसत होतं. मी अंगण ओलांडून कोपऱ्यात गेले. कडी वरून ढकलून लावली. पिंपात तळाला पाणी उरलं होतं, हात खांद्यापर्यंत आत घालून मी एक तांब्या भरून घेतला.